बदललेला सांधा आतून सैल होतो आहे का, यावर लक्ष कसे ठेवावे

खुब्याचा किंवा गुडघ्याचा सांधा बदलल्यावर पहिले वर्ष-दोन वर्षे घरातले सगळे त्या सांध्याची विचारपूस करतात. पुढे तो सांधा विसरला जातो, आणि तो विसरला जावा हाच तर शस्त्रक्रियेचा हेतू असतो. अडचण एवढीच की, बरीच वर्षे उलटल्यावर सांधा सैल होण्याचे जे एक प्रमुख कारण आहे, ते याच विसरलेल्या वर्षांत, वेदनेचा मागमूस नसताना, हाडात हळूहळू काम करीत असते. हे काम करणारा कोणी जंतू नसतो, तर रुग्णाची स्वतःचीच रोगप्रतिकारयंत्रणा असते. म्हणून ‘दुखत नाही, म्हणजे सगळे ठीक आहे’ हा हिशेब इथे चालत नाही. दुखत नसताना कशाकडे पाहायचे, कोणते कागद सांभाळायचे, दुखू लागल्यावर कोणत्या क्रमाने तपासण्या करून घ्यायच्या आणि डॉक्टरांना काय विचारायचे, हे रुग्णाच्या घरच्यांना ठाऊक असावे म्हणून ही माहिती लिहीत आहे.

घाबरून जाण्याचे कारण नाही, हेही आधीच सांगायला हवे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, अनेक वर्षांच्या नोंदींच्या आधारे, बदललेल्या खुब्यांपैकी सुमारे ५८ टक्के आणि पूर्ण बदललेल्या गुडघ्यांपैकी सुमारे ८२ टक्के सांधे २५ वर्षे टिकतात असा अंदाज मांडला गेला; आणि २५ वर्षांचा हिशेब जुळायचा तर ते सांधे अर्थातच जुन्या घडणीचे होते.

आत काय घडते

बदललेल्या खुब्यात मांडीच्या हाडात बसवलेल्या दांड्याच्या टोकाला धातूचा किंवा सिरॅमिकचा गोळा असतो आणि तो बहुधा पॉलिएथिलीन या प्लास्टिकचे अस्तर असलेल्या वाटीत फिरतो. गुडघ्यातही धातूच्या दोन भागांमध्ये याच प्लास्टिकची चकती असते. पाऊल टाकले की घर्षण होते आणि घर्षण झाले की प्लास्टिकचे कण सुटतात. जुन्या प्रकारच्या पॉलिएथिलीनमधून एका पावलागणिक काही लाख कण सुटत असावेत, असा अंदाज आहे. त्यांतले बहुतेक कण एका मायक्रॉनपेक्षाही लहान असतात. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून या धुळीच्या बारीकपणाची कल्पना यावी. हा बारीकपणाच घातक ठरतो, कारण मोठा तुकडा पेशीला गिळता येत नाही, बारीक कण मात्र सहज गिळता येतो.

शरीरात शिरलेला कचरा गिळून पचवणे हे मॅक्रोफेज या भक्षक पेशींचे काम आहे. जंतू गिळला तर त्या त्याला विरघळवून टाकतात. पॉलिएथिलीन विरघळवणारे कोणतेही पाचकद्रव्य आपल्या शरीरात नाही. घशात काटा अडकलेल्या माणसासारखी त्या पेशीची गत होते, आणि ती मदतीसाठी टीएनएफ-अल्फा, इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-६ अशी दाह वाढवणारी रसायने सोडू लागते. या रसायनांमुळे आसपासच्या पेशी रँक-लिगँड नावाचे प्रथिन अधिक प्रमाणात तयार करतात, आणि त्या प्रथिनाच्या इशाऱ्यावर रक्तातून आलेल्या कच्च्या पेशींचे ऑस्टिओक्लास्टमध्ये, म्हणजे हाड खाणाऱ्या पेशींमध्ये रूपांतर होते. एरवीही आपले हाड रोज थोडे मोडले जाते आणि थोडे बांधले जाते. इथे मोडणाऱ्यांची संख्या वाढते, बांधणाऱ्यांचा हात आखडतो आणि सांध्याभोवतीचे हाड विरळ होत जाते. त्या जागी मऊ पडदा तयार होतो, चालताना सांध्यातले द्रव दाबाने त्या फटीत खोलवर शिरते आणि आपल्याबरोबर नवे कण घेऊन जाते. कण गिळलेली पेशी मेली की तोच कण पुन्हा मोकळा होतो आणि दुसरी पेशी त्याला गिळते. ही साखळी आपोआप का तुटत नाही, याचे उत्तर यातच आहे.

खुब्याच्या आधुनिक शस्त्रक्रियेचे जनक जॉन चार्नली यांना हे फार लवकर आणि फार कटू रीतीने कळले होते. इंग्लंडमधल्या राइटिंग्टन येथील रुग्णालयात १९५० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी टेफ्लॉनच्या वाट्या बसवायला सुरुवात केली. टेफ्लॉन इतके गुळगुळीत, की याहून योग्य पदार्थ सापडणार नाही असे वाटावे. पण त्या वाट्या दोन-तीन वर्षांतच झिजल्या, भोवती दाहाच्या गाठी झाल्या आणि सुमारे ३०० रुग्णांच्या शस्त्रक्रिया वाया गेल्या. चार्नली यांनी टेफ्लॉन आणि पॉलिएथिलीन या दोहोंची बारीक पूड स्वतःच्याच मांडीत टोचून घेतली. काही महिन्यांनी टेफ्लॉनच्या जागी हाताला लागतील अशा गाठी होत्या आणि पॉलिएथिलीनच्या जागी जवळपास काहीच नव्हते. नोव्हेंबर १९६२ पासून त्यांनी पॉलिएथिलीन वापरायला सुरुवात केली आणि जगाने तेच उचलले. पॉलिएथिलीनही निरुपद्रवी नव्हते, त्याचा उपद्रव फक्त उशिरा दिसणारा होता, हे कळायला पुढची पंधरा-वीस वर्षे जावी लागली. मधल्या काळात दोष सांधा हाडात पक्का बसवणाऱ्या सिमेंटवर गेला आणि १९८७ मध्ये ‘सिमेंटचा आजार’ असा शब्दप्रयोगही रूढ झाला. पण सिमेंट न वापरता बसवलेल्या सांध्यांभोवतीही हाडाला तशीच भोके पडू लागल्यावर सगळ्यांची नजर प्लास्टिकच्या धुळीकडे वळली.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण तो मी वारंवार ऐकतो. ‘शरीराने सांधा स्वीकारला नाही’ असे लोक म्हणतात आणि त्यांच्या डोळ्यांपुढे मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण असते. ते आणि हे वेगळे आहे. परक्या माणसाच्या अवयवावर शरीर हल्ला करते ते त्या अवयवाची ओळख पटवून; कणांच्या बाबतीत मात्र प्रतिकारयंत्रणेचा जन्मजात, कशालाही सरसकट गिळणारा भाग मुख्यतः कामाला लागतो. त्यामुळे प्रत्यारोपणानंतर देतात तशी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे इथे दिली जात नाहीत, आणि ‘आमच्या अंगाला धातू मानवत नाही’ हे बहुतेकांच्या बाबतीत कारण नसते.

आधी फाइल तयार करावी

शस्त्रक्रिया दहा वर्षांपूर्वीची असो वा कालची, पहिले काम कागदांचे आहे. सांध्याच्या प्रत्येक भागाच्या खोक्यावर लहान पांढरे स्टिकर असतात. शस्त्रक्रियागृहातली परिचारिका त्यांतला एक संच रुग्णालयाच्या नोंदीत चिकटवते आणि एक रुग्णाच्या कागदांना लावते, किंवा लावायला हवा. त्यावर कंपनी, भागाचे नाव, माप आणि ‘लॉट’ या शब्दापुढचा क्रमांक असतो. घरच्या कागदांत ते स्टिकर नसतील, तर रुग्णालयाच्या नोंदणी विभागात अर्ज करून त्या पानाची प्रत मागून घ्यावी आणि हे काम वर्षानुवर्षे पुढे ढकलू नये, कारण जुन्या नोंदी कायम जपून ठेवल्या जातीलच असे नाही. त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून घरातल्या किमान दोघांकडे ठेवावा.

हा खटाटोप कशासाठी, याचे उत्तर आपल्याच देशात मिळाले आहे. ऑगस्ट २०१० मध्ये डीप्यू या कंपनीने आपला एएसआर नावाचा खुब्याचा सांधा जगभरातून परत मागवला. त्यात धातूचा गोळा धातूच्याच वाटीत फिरत होता आणि कोबाल्ट व क्रोमियमचे कण भोवतालच्या मांसात जात होते. भारतात हा सांधा हजारो रुग्णांना बसवला गेला होता. पुढे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने नेमलेल्या समितीने भरपाईची शिफारस केली, पण आपल्या शरीरात कोणता सांधा आहे हे ठाऊक असलेले रुग्णच फार थोडे होते आणि मोठ्या संख्येने रुग्णांचा मागच लागला नाही. एका स्टिकरची किंमत ती एवढी आहे.

स्टिकरवरून डॉक्टरांना आणखी एक गोष्ट कळते, ती म्हणजे प्लास्टिकचा प्रकार. पूर्वी हवेच्या सान्निध्यात गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेले पॉलिएथिलीन कालांतराने ऑक्सिडेशनमुळे ठिसूळ होई आणि लवकर झिजे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस ज्याच्या साखळ्या एकमेकींत घट्ट गुंफलेल्या आहेत असे ‘क्रॉसलिंक्ड’ पॉलिएथिलीन आले आणि खुब्यातली झीज बरीच कमी झाली. म्हणून २००० सालाच्या आधी किंवा त्या सुमारास झालेल्या शस्त्रक्रियांवर अधिक बारीक लक्ष हवे.

फाइलीतला दुसरा अनमोल कागद म्हणजे शस्त्रक्रियेनंतरचा पहिला एक्स-रे. हल्लीची छापील फिल्म उष्णतेने काळवंडते आणि पावसाळी दमटपणात एकमेकींना चिकटते, म्हणून ती माळ्यावर ट्रंकेत टाकू नये. फिल्मबरोबर मिळालेल्या सीडीवरची प्रत वेळीच पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यावी, कारण सीडी चालवणारे यंत्र आता बहुतेक घरांत उरलेले नाही.

न दुखताही एक्स-रे काढावा

आमच्या आईचा खुबा २००४ मध्ये बदलला. चौदा वर्षे ती मजेत चालत होती. पाठ दुखते म्हणून एका डॉक्टरांनी कमरेचा एक्स-रे काढायला सांगितला, आणि पाठीत विशेष काही सापडले नाही, पण वाटीच्या वरच्या अंगाला हाडात सुपारीएवढा गोल काळा डाग दिसला. आईला त्या जागी कधीही दुखले नव्हते. जुनी फिल्म शोधून दोन्ही खिडकीच्या काचेला लावून पाहिल्या, तेव्हा आणखी एक गोष्ट माझ्यासारख्या अनभिज्ञ माणसालाही दिसली: पहिल्या फिल्ममध्ये गोळा वाटीच्या बरोबर मध्यभागी होता, नव्या फिल्ममध्ये तो वरच्या बाजूला सरकला होता. मधले प्लास्टिक तेवढे झिजले होते आणि त्याची पूड त्या काळ्या डागात गेली होती. मधल्या दहा वर्षांत आम्ही एकही एक्स-रे काढला नव्हता, याचा दोष मी कोणा डॉक्टरांना देणार नाही. बोलावले असताना ‘दुखत नाही, मग कशाला’ असे म्हणणारे आम्हीच होतो.

अनेक शल्यविशारद पहिल्या वर्षाअखेर, नंतर पाच-सात वर्षांनी आणि दहा वर्षांनंतर दर दोन-तीन वर्षांनी एक्स-रे काढायला सांगतात. धातूवर धातू फिरणारा सांधा असेल तर तपासणी दरवर्षी असते. आपल्या सांध्याचे वेळापत्रक आपल्या डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. एक्स-रे दरवेळी त्याच बाजूने आणि त्याच स्थितीत काढला जावा, गुडघ्याचा उभा राहून काढला जावा, आणि तो केवळ मागच्या वर्षीच्या नव्हे तर अगदी पहिल्या फिल्मशेजारी ठेवून पाहिला जावा, असा आग्रह धरावा. बदल इतका सावकाश होत असतो की लागोपाठच्या दोन फिल्म सारख्याच वाटतात. पहिली आणि शेवटची मात्र लपवाछपवी करीत नाहीत.

त्यात काय पाहतात, हे ढोबळमानाने माहीत असले की डॉक्टरांशी बोलणे सोपे होते. सांधा किंवा सिमेंट आणि हाड यांच्यामधली काळी रेघ २ मिलिमीटरपेक्षा रुंद असेल किंवा दरवेळी वाढत असेल, तर ती काळजीची खूण असते. वर्षानुवर्षे तशीच राहिलेली बारीक रेघ मात्र बहुधा निरुपद्रवी असते, तिच्यामुळे झोप उडवून घेऊ नये. हाडातले गोलसर काळे डाग, दांडा खाली रुतणे, वाटीचा कल बदलणे, सिमेंटला तडा जाणे या इतर खुणा होत. खुब्यातल्या प्लास्टिकची झीज वर्षाला ०.१ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर हाड पोखरले जाण्याची शक्यता फार कमी असते, असा एक उपयुक्त आडाखा आहे. साध्या एक्स-रेमध्ये डाग प्रत्यक्षाहून लहान दिसतात, म्हणून शंका आल्यास धातूची चमक कमी करणाऱ्या पद्धतीने सीटी स्कॅन करून घ्यायला सांगितले जाते.

चालणे कमी करावे का, असा प्रश्न यावर हमखास येतो. झीज सांध्याच्या वयापेक्षा त्याच्या वापरावर अवलंबून असते, हे खरे. पण त्यासाठी चालणे सोडणे म्हणजे हाडे आणि स्नायू दुबळे करून घेणे होय. चालावे, वजन आटोक्यात ठेवावे, धावणे आणि उड्या मारणे टाळावे.

दुखू लागले तर

सैल झालेल्या सांध्याचे दुखणे ओळखू येण्याजोगे असते. बराच वेळ बसून उठल्यावर पहिली आठ-दहा पावले दुखतात, मग सांधा ‘बसतो’ आणि चालणे जमते, आणि फार चालले की पुन्हा दुखू लागते. वाटी सैल असेल तर जांघेत दुखते, दांडा सैल असेल तर मांडीत, आणि गुडघ्याचा खालचा भाग सैल असेल तर नडगीच्या वरच्या टोकाला. एका वहीत पंधरा दिवस लिहून ठेवावे: कोठे दुखले, उठल्यावर कितव्या पावलापर्यंत दुखले, रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या दुखले का, पाय आखूड झाल्यासारखे वाटते का, लंगडणे नव्याने सुरू झाले का. ‘खूप दुखते हो’ या वाक्यापेक्षा ही वही डॉक्टरांना कितीतरी जास्त सांगते. कमरेच्या मणक्याचे दुखणेही जांघेत आणि मांडीत उतरते, तेव्हा त्याचाही विचार होऊ द्यावा.

यानंतरचा क्रम मात्र चुकू देऊ नये. कणांमुळे सांधा सैल झाला, असे म्हणण्याआधी संसर्ग नाही याची खात्री करून घ्यावी लागते, कारण दोहोंची लक्षणे एकमेकांसारखी आणि उपचार अगदी वेगळे असतात. विश्रांतीतही न थांबणारे दुखणे, गरमपणा, सूज, जखमेतून स्राव, ताप यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. काही जंतू मात्र धातूवर चिकट थर करून वर्षानुवर्षे गुपचूप राहतात आणि ताप येऊ देत नाहीत. म्हणून रक्तातील ईएसआर व सीआरपी, म्हणजे शरीरात दाह आहे का हे सुचवणाऱ्या चाचण्या, पाहतात, आणि शंका राहिल्यास सांध्यातले पाणी सुईने काढून त्यातल्या पांढऱ्या पेशी मोजतात व जंतूंची वाढ तपासतात. सावकाश वाढणाऱ्या जंतूंसाठी ही तपासणी दोन आठवड्यांपर्यंत चालू ठेवावी लागते. या पाण्याच्या तपासणीआधी घरातल्या घरात अँटिबायोटिकच्या गोळ्या सुरू करणे ही मोठी चूक आहे, कारण त्या जंतूला मारत नाहीत, फक्त तपासणीपासून लपवतात. आधीपासून चालू असतील तर डॉक्टर बहुधा दोन आठवडे त्या बंद ठेवायला सांगतात. संधिवाताच्या रुग्णांचा सीआरपी एरवीही वाढलेला असू शकतो आणि टीएनएफ रोखणारी इंजेक्शने चालू असल्यास संसर्गाचा धोका वाढतो, तेव्हा ती माहिती आपण होऊन सांगावी.

धातूच्या ॲलर्जीबद्दल थोडक्यात. खोट्या दागिन्यांनी कानाला पुरळ येते, ते बहुधा निकेलमुळे. कोबाल्ट-क्रोमच्या सांध्यातही अल्प निकेल असते. शस्त्रक्रियेआधी हा त्रास सांगावा, म्हणजे दुसऱ्या धातूचा विचार करता येतो. त्वचेवरची पॅच चाचणी मात्र त्वचेबद्दल सांगते, सांध्याचे काय होईल हे ती खात्रीने सांगू शकत नाही, म्हणून केवळ तिच्या आधारावर व्यवस्थित बसलेला सांधा काढू नये. धातूवर धातू फिरणाऱ्या सांध्यांची गोष्ट खरोखर वेगळी आहे: तिथे लिम्फोसाइट या प्रकारच्या पांढऱ्या पेशी गोळा होतात, मांसात गाठी होतात, आणि त्यासाठी रक्तातील कोबाल्ट व क्रोमियम आणि विशेष पद्धतीचा एमआरआय पाहतात. ब्रिटनच्या औषध नियामकाने रक्तात लिटरमागे ७ मायक्रोग्रॅम ही अधिक तपासणीची पातळी ठरवली होती.

निदान झाल्यावर

ही प्रक्रिया थांबवणारे सर्वमान्य औषध आज उपलब्ध नाही. हाडे ठिसूळ होण्यावरची बिस्फॉस्फोनेट आणि डेनोसुमॅब ही औषधे आणि टीएनएफ रोखणारी औषधेही यासाठी अजमावून पाहिली गेली आहेत. तर्क बरोबर आहे, कारण ती याच साखळीतल्या एकेका कडीवर काम करतात, पण सैल झालेला सांधा त्यांनी पुन्हा घट्ट बसतो असे दिसलेले नाही. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व कमी असतील तर जरूर घ्यावे. त्याने प्लास्टिकची धूळ नाहीशी होत नाही. वेदनाशामक गोळ्यांनी दुखणे झाकले जाते आणि हाड खाल्ले जाणे चालूच राहते. हाड पोकळ झालेल्या मांडीला जोराची मालीश करून घेणे किंवा कोणाकडून पाय ओढून घेणे तर धोक्याचे आहे, कारण तिथे हाड मोडू शकते.

शस्त्रक्रियेचा निर्णय घाईने घेऊ नये, तसा तो लांबवूही नये. डाग लहान आणि स्थिर असेल तर सहा महिन्यांनी पुन्हा एक्स-रे काढून थांबता येते. वाटी घट्ट असेल आणि फक्त अस्तर झिजले असेल तर अस्तर व गोळा बदलून आणि पोकळीत हाड भरून काम भागू शकते. आईच्या बाबतीत तेच झाले. वाट पाहता पाहता वाटी सुटली आणि हाडच उरले नाही, तर शस्त्रक्रिया कितीतरी मोठी होते. म्हणून डॉक्टरांना नेमके विचारावे: कोणता भाग सैल आहे आणि कोणता घट्ट? हाड किती उरले आहे? जुन्या वाटीत बसणारे अस्तर त्या कंपनीकडे अजून मिळते का? मिळत नसेल तर दुसरा कोणता पर्याय आहे? संसर्ग नाही हे कशावरून ठरवले? अशी दुरुस्तीची शस्त्रक्रिया नेहमी करणाऱ्या दुसऱ्या शल्यविशारदाचे मतही फाइल दाखवून घ्यावे. त्यात पहिल्या डॉक्टरांचा अपमान होत नाही.

शस्त्रक्रिया झालीच, तर सांध्याभोवतालचा काढलेला मऊ पडदा तपासणीसाठी पाठवला जाणार आहे ना, हे आधी विचारून ठेवावे. सूक्ष्मदर्शकाखाली त्यात कण गिळलेल्या भक्षक पेशी दिसल्या की कणांचा दोष पक्का होतो, आणि जंतूंची तपासणीही त्याच वेळी अनेक नमुन्यांवर होते. दोन्ही अहवाल, नव्या भागांचे स्टिकर आणि शस्त्रक्रियेनंतरचा पहिला एक्स-रे जुन्याच फाइलीत, पण वेगळ्या पाकिटात तारीख घालून ठेवावा. यापुढची प्रत्येक फिल्म आता त्याच्याशेजारी ठेवून पाहायची असते.